सेलिना टीव्हीवर काय म्हणाली

शनिवारी रात्री सेलिना टीव्हीवर जे म्हणाली ते लंडनमध्ये कुणालाच कळलं नाही, आणि तिच्या गिरणगावात, बर्नलीत, कळलं नाही असं घर उरलं नाही.

ब्लॅकपूलहून दाखवत होते तो कार्यक्रम संपत आला होता. बँड जोरात वाजत होता, सगळे कलावंत ओळीने उभे राहून हात हलवत होते. सेलिनाच्या एका बाजूला तो दात दाखवणारा गायक, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांच्या कसरतीवाला. समोर तिसऱ्या रांगेत तिला धाकटी बहीण क्लॅरिस दिसली, आणि कार्यक्रमाच्या आधी नुकतीच कळलेली बातमी बाईंना आणखी पाच मिनिटं पोटात ठेवता आली नाही. ओठ ताणून, भुवया उडवून, आवाज न काढता तिने सांगून टाकलं : ‘मालिका मिळाली. तेरा आठवडे, लंडनला. आईला आता तूच ठेव. तिला इतक्यात सांगू नकोस.’

दोघी बहिणी मागांवर वाढलेल्या. शेकडो माग एकदम खडखडायला लागले की तिथे ओरडून काही उपयोग नसतो. बायका ओठांनी बोलतात आणि चार मागांपलीकडची बाई ओठ बघून उत्तर देते. मी-मॉ म्हणतात त्याला. गिरण्या बंद पडल्या, बायका घरी बसल्या, तरी ही सवय कुणाची सुटली नाही. कुणाची पिशवी काढली आणि कुणाच्या मुलीला दिवस गेलेत, हे रस्त्याच्या या बाजूकडून त्या बाजूला अजून असंच पोचतं. सेलिनाने विचार केला असणार, बँड वाजतोय, माईक बंद आहे, कुणाला काय ऐकू जातंय. कॅमेरा नेमका तिच्या तोंडावर होता. ऐकू कुणालाच गेलं नाही, वाचलं मात्र अख्ख्या लँकशायरने.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मिसेस हार्टली मटण-बटाट्याचा रस्सा, म्हणजे हॉटपॉट, घेऊन क्लॅरिसच्या दारात उभ्या होत्या. कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या हॉटपॉट आणतात, आणि तोंडही त्यांनी तसंच केलं होतं.

“तेरा आठवडे म्हणजे नाताळ गेलाच की गं,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही मोरकॅमची जागा बघून ठेवलेली.”

“बघून ठेवली आहे म्हणजे आहे,” क्लॅरिस म्हणाली. “भांडं उद्या देते.”

मोरकॅमच्या त्या जागेला एकच झोपायची खोली होती. क्लॅरिसला ती आवडली ती समुद्रामुळे नव्हे, या एकाच खोलीमुळे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आई ‘थोडे दिवस’ म्हणून राहायला आली होती. त्या थोड्या दिवसांत नवऱ्याचे, विल्फचे, केस गेले, दोन राजे गेले, गिरणी गेली, आई होती तिथेच होती. या ऑक्टोबरात आईला सेलिना आपल्या सेंट अ‍ॅन्सच्या बंगल्यात नेणार, असं गेल्या ईस्टरला सगळ्यांसमोर ठरलं होतं. सेलिना त्या वेळी रडलीसुद्धा होती. रडणं तिला जमतं.

आता प्रश्न एवढाच होता की आईने पाहिलं का. म्हातारी झिला मागांपायी ठार बहिरी झालेली. ती टीव्ही बघते तो आवाज पूर्ण बंद करून, नुसते ओठ वाचत. शनिवारी तिच्याजवळ विल्फ होता.

“जागी होती का ती?” क्लॅरिसने विचारलं.

“मला काय ठाऊक,” विल्फ म्हणाला. “मी झोपलो होतो.”

आठवडाभर म्हातारी एक अक्षर बोलली नाही. झिला गप्प बसली की या घरात चमचेसुद्धा हळू ठेवतात.

आता सेलिनाच्या कर्तृत्वाबद्दल. ते सांगायला हवं, कारण ती स्वतः सांगते तेव्हा मधला भाग गाळते. विसाव्या वर्षी माग सोडून ती एका मंडळीबरोबर निघाली, आणि पुढची पंचवीस वर्षं ती पोस्टरवर असायची ती तळाला, छापखान्याच्या नावाच्या जरा वर. बारा मिनिटांचा तिचा कार्यक्रम. टोपी, छातीशी धरलेली हँडबॅग, आणि मिसेस थ्रेलफॉल नावाची बाई, जी घरातल्या म्हातारीबद्दल तक्रारी सांगते. मग थिएटरं बंद पडून तिथे बिंगोचा आकड्यांचा खेळ आला. सेलिना कामगारांच्या क्लबात गेली. तिथे ऐन विनोदाच्या तोंडावर कमिटीचा माणूस उठून गरम सँडविच आल्याचं जाहीर करतो आणि सगळे प्रेक्षक उठून रांगेत उभे राहतात. त्यातूनही ती टिकली, हे खरंच आहे, चिवटपणात ती आईवर गेली आहे. आणि पंचावन्नाव्या वर्षी टीव्हीवाल्यांना ती ‘सापडली’, जणू तोवर ती हरवली होती.

ती मिसेस थ्रेलफॉल कोण, हे बर्नलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दर रविवारी सेलिना कुठल्या तरी गावाहून फोन करायची, आणि क्लॅरिस आठवड्याचं मनातलं ओकायची. आईने हे केलं, आई ते म्हणाली. “मग? मग ती काय म्हणाली?” सेलिना विचारायची. बहिणीला किती माया आपली, असं क्लॅरिसला वाटायचं. मग एका उन्हाळ्यात ती ब्लॅकपूलला कार्यक्रमाला जाऊन बसली आणि तिने आपलं स्वयंपाकघर जसंच्या तसं रंगमंचावर ऐकलं. लोक डोळे पुसत होते. तिला राग यायला हवा होता. तिला अभिमान वाटला, आणि हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, विल्फलाही नाही.

पुढच्या रविवारी चहाला सगळ्यांना बोलावलं होतं. क्लॅरिसने एरवी मयताच्या जेवणाला असतं ते उकडलेलं हॅम मांडलं, डब्यातला सामन मासा, मुरवलेलं बीट, पाव-लोणी, आणि नंतरसाठी डब्यातले पीच.

बेरिल, म्हणजे भाऊ नॉर्मनची बायको, आत आली तशी टेबलाकडे बघून थबकली. “हॅम? कुणी गेलं का?”

“अजून नाही,” क्लॅरिस म्हणाली. “बस.”

बेरिल साउथपोर्टची. गिरणीची पायरी तिने चढली नाही, ओठ तिला वाचता येत नाहीत. पंचवीस वर्षं झाली, या घरात ती प्रवासाला आल्यासारखीच बसते.

म्हातारी शेकोटीजवळच्या खुर्चीत होती. तिच्याबद्दल बोलायची या घराची एक रीत आहे. तिला ऐकू येत नाही, पण ओठ दिसले की संपलं. म्हणून गुपित बोलायचं तर मोठ्याने बोलतात, फक्त तिच्याकडे पाठ करून. तसे ते आताही कप घेऊन खिडकीशी ओळीने उभे राहिले आणि बाहेरचं दृश्य बघू लागले. बाहेर कोळशाची कोठी होती आणि दोरीवर विल्फचे पायजमे.

“हे बघ क्लॅरिस,” नॉर्मन पायजम्यांना म्हणाला, “अशी संधी रोज येत नाही.”

“माझी पण रोज येत नाही, नॉर्मन. माझी अजून एकदाही आलेली नाही.”

“तिचं नाव झालं तर ते सगळ्यांचंच आहे.” नॉर्मनचं गालिच्यांचं दुकान आहे. त्याची फीत सेलिनाने कापली होती. तिचा फोटो दुकानात लटकतो, नॉर्मनच्या बायकोचा लटकत नाही.

“मग आईला तू ने. तुझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत.”

“रिकाम्या कुठे? नमुने आहेत त्यात.”

“आणि माझी पाठ,” बेरिल म्हणाली.

“आणि जिना आहेच की,” विल्फ म्हणाला. विल्फ नेहमीप्रमाणे रांगेत न राहता शेकोटीकडे तोंड करून बसून हॅम खात होता.

क्लॅरिसने मान वळवली नाही. “तू कुणाच्या बाजूने आहेस?”

“मी फक्त जिना म्हणालो.”

तेवढ्यात टॅक्सी थांबली. सेलिना आली ती फरचा कोट घालून. सप्टेंबर चालू होता, उन्हात माणसं नुसत्या सदऱ्यात फिरत होती. तिने नॉर्मनच्या गालाचा मुका घेतला, बेरिलच्या गालाजवळच्या हवेचा घेतला आणि आईपुढे वाकून चॉकलेटचा डबा ठेवला.

“कशी आहेस, आई?” ती पुटपुटली.

म्हातारीने तिच्याकडे वर बघितलं. “नीट तोंड उघडून बोल,” ती म्हणाली. “टीव्हीवर तर बरी स्पष्ट बोलतेस.”

सगळे एकाच वेळी हॅमकडे वळले.

“क्लॅरिस,” सेलिना म्हणाली, “किटली मी ठेवते हं. ये जरा.”

स्वयंपाकघरात येऊन तिने दार ओढून घेतलं. किटलीला हात लावला नाही.

“तिला कळलंय का?”

“बर्नलीत पोस्टमनला कळलंय, सेलिना. मला बसमध्ये एका अनोळखी बाईने उठून जागा दिली.”

“मी मुद्दाम नाही केलं गं. बोलून गेले.”

“बोलून नाही गेलीस. म्हणूनच तर सगळ्यांना कळलं.”

सेलिना हसली नाही. कोट काढून तिने खुर्चीवर टाकला, आणि कोटाशिवाय ती एकदम लहान दिसली. “तुला कळत नाही, क्लॅरिस. तेरा आठवडे. दर आठवड्याला नवं लागतं. एवढी वर्षं मी बारा मिनिटांवर जेवले. ती घेऊन सन्डरलंडला जायचं, मग स्वान्सीला, फिरून परत येईपर्यंत पहिलं गाव विसरलेलं असायचं. टीव्ही ती बारा मिनिटं एका रात्रीत खातो आणि सोमवारी विचारतो, पुढे काय?”

“मग आईला घेऊन जा. अर्ध्या दिवसात बारा मिनिटं देते ती.”

“मला नाही देत.” सेलिना हे खाली बघून म्हणाली. “तू इस्पितळात होतीस तेव्हा ठेवली होती ना मी तिला. एक ओळ सुचली नाही मला. नुसता ताप झाला. ती चहावरून बोलते, दातांवरून बोलते, मी रडकुंडीला येते. आणि तीच गोष्ट तू फोनवर सांगतेस आणि...”

“आणि काय?”

“आणि हसू येतं.”

क्लॅरिसने किटली भरून गॅसवर ठेवली, कारण हातांना काही तरी हवं होतं. म्हणजे भानगड तेरा आठवड्यांची नव्हतीच. आई बंगल्यात मावत नव्हती असं नाही. क्लॅरिस मोरकॅमला मावत नव्हती. ती इथेच हवी होती, याच घरात, याच आईबरोबर, दर रविवारी फोनशेजारी.

“म्हणजे तुला विनोद मिळावेत म्हणून मी इथे कुजायचं.”

“मदतीला बाई ठेवते मी. रोज येणारी.”

“तिच्या पण गोष्टी घेशील तू.”

“मला अठ्ठावन्न संपलं, क्लॅरिस. हे गेलं की मग काही नाही. परत क्लबात सँडविचच्या आधी उभं राहायचं.” तिचा आवाज कापत होता आणि या वेळी ती नाटक करत नव्हती. क्लॅरिसला फरक कळतो. तिला बहिणीची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला. असंच होत आलं होतं आजवर, कुणीतरी रडवेलं व्हायचं आणि ती बरं म्हणायची. आताही ‘बरं’ तिच्या अगदी जिभेवर आलं होतं.

बाहेर म्हातारी चमच्याने बशी वाजवत होती.

दोघी बाहेर आल्या. झिला टेबलाच्या डोक्याशी येऊन बसली होती, टोपी घालून. टोपी ती फक्त चॅपेलला जाताना घालते.

“बसा,” ती म्हणाली. तिचा आवाज अजून मागांच्या वरून जाणारा आहे. “ओठ वाचायला तुम्हा दोघींना कुणी शिकवलं?”

“तू, आई,” सेलिना म्हणाली.

“मग मी शनिवारी काय टीव्हीवर कुत्री बघत होते?”

बेरिलने काय चाललंय म्हणून नॉर्मनला कोपर मारलं.

“आणि पाठ करून बोलता तेही मला सगळं ठाऊक आहे. विल्फ सांगतो.”

“मी?” विल्फच्या घशात हॅम अडकलं. “मी कधी एक शब्द...”

“तू माझ्याकडे तोंड करून त्यांना उत्तरं देतोस. ‘जिना आहेच की.’ ‘हो, पण न्हाणीघरात पडली तर?’ ‘छे, अजून दहा वर्षं जाते ती.’ अर्धं कळलं की उरलेलं कळायला काय लागतं. तुमच्या डोक्यात आहे तरी किती.”

विल्फने बशी दूर सारली. क्लॅरिसला हसायचं होतं, पण ती आईच्या ओठांकडे बघत राहिली. म्हातारी काय म्हणेल यावर मोरकॅम अवलंबून होतं, आणि ती ‘मी क्लॅरिसला सोडून कुठे जाणार’ असं म्हणाली, तर आपण तिला नाही म्हणू शकणार नाही, हे तिला लख्ख ठाऊक होतं.

“मी सेलिनाबरोबर जाणार,” झिला म्हणाली. “लंडनला. शनिवारी.”

सेलिनाने कप खाली ठेवला. “आई, तिथे मी दिवसभर तालमीला. तुला करमणार नाही.”

“कशाला नाही करमणार? मी पण येईन. पहिल्या रांगेत बसेन. इतकी वर्षं त्या थ्रेलफॉलबाईची म्हातारी काय काय करते ते वाचतेय मी. जवळून बघते.”

आता सेलिनाच्या तोंडचं पाणी पळालं. आई आयुष्यात एकदाच तिच्या कार्यक्रमाला आली होती, अ‍ॅक्रिंग्टनला, लढाईच्या आधी. मांडीवर हँडबॅग घेऊन शेवटपर्यंत बसली आणि एकदाही हसली नाही. सेलिना त्या दिवशी मधलंच विसरली आणि सरळ शेवटाकडे गेली होती.

“पण क्लॅरिसला सवय झालीये तुझी,” तिने शेवटचा खडा टाकून पाहिला.

“मला तिची झाली नाही,” म्हातारी म्हणाली. “ती सारखी सुस्कारे टाकते. ऐकू येत नाहीत, पण खांदे दिसतात.”

“मला वाटतं आईंचं बरोबर आहे,” बेरिल घाईने म्हणाली. तिची एकही खोली जात नव्हती, तेव्हा तिला ते पटलं. नॉर्मनलाही पटलं. त्याने पीचकडे हात नेला.

क्लॅरिस खुर्चीला धरून उभी होती. सुटले, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

“बरं,” सेलिना म्हणाली. “मग सांग तरी. काय काय करावं लागतं तिचं?”

क्लॅरिसला विनोद करायचा नव्हता. तिने जे आहे ते सांगितलं.

“सकाळी चहा. तिच्या कपात. तिचा कप म्हणजे ज्याला कान नाही तो. कान असलेल्या कपात दिलास तर पिते, पण तुला मृत्युपत्रातून काढते. मला आठवड्यातून दोनदा काढते. नॉर्मनला कधी काढत नाही, तो येत नाही ना, म्हणून राहतो. मग दात. दात ग्लासात असतात. ग्लास कुठे आहे ते तिला माहीत नसतं, पण तो मी लपवलाय हे माहीत असतं. मिसेस हार्टली आल्या की ती गाढ झोपते. त्या गेल्या की त्या काय काय म्हणाल्या ते मला सांगते. चॅपेलचे पाळक आले की मरायला टेकलेली असते. ते बिचारे हात धरून प्रार्थना म्हणतात, केक खातात, जातात. दार लागलं की उठून बसते आणि विचारते, केक कुणी संपवला? आंघोळ शुक्रवारी. आज शुक्रवार आहे हे पटवायला गुरुवारपासून लागायचं. आणि काहीही झालं तरी कसं वाटतंय असं विचारायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, सत्तावन्न साली. तिचं सांगून अजून झालेलं नाही.”

पहिल्यांदा बेरिल फुटली. तिच्या नाकातून चहा आला. मग नॉर्मन टेबलावर थापा मारायला लागला, विल्फ डोळे पुसत “खरंय, देवाशप्पथ खरंय” म्हणत होता. आणि टेबलाच्या डोक्याशी झिला, जी अ‍ॅक्रिंग्टनला हसली नव्हती, जी टीव्हीपुढे तीन वर्षं दगडासारखी बसत आली होती, ती मुलीच्या ओठांवरचे डोळे न हलवता हसत होती. टोपी एका कानावर आली होती, खांदे गदगदत होते.

“आणखी,” म्हातारी म्हणाली. “आणखी सांग.”

हे हसू क्लॅरिसने मिळवलं होतं. आजवर तिने कशाचा हेवा केला नव्हता, ना फरच्या कोटाचा ना पोस्टरवरच्या नावाचा. आता तिला कळलं की सेलिना रोज रात्री काय घेऊन घरी जायची, आणि ते आपल्याला हवं आहे.

तिने बहिणीकडे बघितलं. सेलिना हसत नव्हती. ती मान पुढे काढून क्लॅरिसच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण क्लॅरिसला वाचता येत होतं : सत्तावन्न साली. तिचं सांगून अजून झालेलं नाही. एकदा म्हणून झाल्यावर सेलिनाने ते पुन्हा म्हटलं, या खेपेला ‘साली’नंतर जरा थांबून.

“आणि रात्री?” सेलिनाने विचारलं. “रात्री काय करते ती?”

क्लॅरिसने आपली खुर्ची उचलली. टेबलाला वळसा घालून ती आईसमोर नेऊन ठेवली आणि सेलिनाकडे पाठ करून बसली. म्हातारीचे दोन्ही हात हातात घेऊन रात्रीचं सगळं तिने तिला सांगितलं, ओठ ताणून, भुवया उडवून, आवाज न काढता.

झिला हसून हसून पुढे कलंडली. तिला सावरायला क्लॅरिसने खुर्ची आणखी जवळ ओढली आणि सांगत राहिली.

“काय गं? काय म्हणालीस?” मागून सेलिना विचारत होती. “क्लॅरिस, इकडे वळून सांग ना.”